पैसे जानेवारीत

ऑक्टोबर संपता संपता शिरवळकर सर
दुकानाच्या ओट्यावर गाठोडं टाकून गेले.
बावीस शर्ट, रंग चिंचेच्या कोवळ्या पानाचा,
पाठी कोऱ्या.
"दिवाळीनंतर लीग सुरू, कुमुदताई.
पैसे जानेवारीत."
कुठल्या, ते गेल्या वर्षीही म्हणाले नव्हते.

रामबागेत माझं दोन मशिनांचं दुकान.
एकीवर पिको-फॉल, दुसरीवर आकडे.
फुटबॉल मला कळतो तो पाठीकडून:
कोणाचा शर्ट खांद्यात फाटून येतो,
कोणाचा नुसता कोपराशी मळून,
आणि कोणाचा, अख्खा महिना बाकावर बसून,
माझ्याच इस्त्रीच्या घडीसकट.

एक नंबर लोकेंद्र. पिथमपुरात रात्रपाळीला
गिअरबॉक्स जोडतो, रविवारी गोलात उभा राहतो,
मधल्या वेळात, बायको म्हणते, आमच्याकडे जेवायला असतो.
चार नंबर खजराण्याचा आरिफ, फ्रिज दुरुस्तीवाला.
नऊ, महूचा रेमंड. त्याला सामन्याचे सातशे आणि पेट्रोल,
बाकीच्यांना तीनशे,
हरले तर केळी.

सतरा नंबरवाला स्वतः आला.
सांवेर रोडवर पॅकिंगची मशिनं बसवायला
सहा महिन्यांसाठी कोरियाहून आलेला.
मी सवयीने हिंदीत विचारलं, "नाम?"
तो म्हणाला, "नाम."
म्हटलं, हां भिया, वही तो, नाम?
तो वाकला, हसला, पुन्हा म्हणाला, "नाम."
शेवटी पासपोर्ट काढला.
आडनावच ते.

मोबाइलवर त्याने गावचं मैदान दाखवलं:
समुद्राची एक पट्टी, मागे बोल्टचा कारखाना,
गॅलरीत चाळीसेक माणसं,
त्यांतली एक बाई पाठ फिरवून थर्मास उघडणारी.
तिथेही आठवडाभर नोकरी, शनिवारी सामना.
वरच्या लीगमध्ये ओळखीचा एकच गेला,
आणि तोही,
त्याने दोन बोटांनी माझ्या टेबलावर
जिना उतरून दाखवला.

नोव्हेंबरात तीन जिंकले.
डिसेंबरात आरिफचा गुडघा.
जानेवारीत रेमंडला पुण्याच्या क्लबाने नेलं.
नऊ नंबर धुऊन, खिळ्यासारखी कडक इस्त्री करून
त्याची आई परत देऊन गेली.
म्हणाली, डाग नाही राहिला ना, बघा.
फेब्रुवारीत चिमणबागेवर लग्नाचा मांडव,
दोन सामने पुढे गेले.
तिसऱ्याला कॉर्नरच्या झेंड्याशी तेलकट माती,
तिच्यावरून नाम घसरला
आणि घसरता घसरता त्याच्या टाचेने गोल झाला.
त्या दिवशी कोणी केळी खाल्ली नाहीत.

शेवटच्या सामन्याला मी गेले.
एक गुण हवा होता, नाहीतर खालच्या विभागात.
लांबून पाहिलं तर माझे आकडे धावत होते.
सातच्या शेपटीला घाईत मी
पांढऱ्याऐवजी मोतिया दोरा घातला होता.
शंभर माणसांत कोणालाच दिसत नव्हता,
मला दुसरं काही दिसत नव्हतं.
इतक्यात सगळे उभे राहिले.
बरोबरीचा गोल, कोणी केला, कसा,
ते मला शेजारच्या भेळवाल्याने सांगितलं.
आठांत सातवे. आठवा खाली जातो.
सर रडले, की उन्हामुळे, माहीत नाही.

नाम एप्रिलात गेला. शर्ट क्लबाचा, म्हणून
पिशवीत घालून दाराला अडकवून गेला,
आत एक कोरियन चॉकलेट, वितळलेलं.

सर म्हणाले, सतराचा बारा करा, नवा मुलगा आलाय.
टाके उसवले.
आकड्याखाली कापड अजून कोवळं, चिंचेच्या पानाचं,
भोवतीचा सगळा शर्ट उन्हाने पिवळट.
आता वर काहीही शिवा,
कडेने सतरा डोकावणारच.
सरांना दाखवलं. चष्मा वर करून पाहिलं त्यांनी.
"चालेल," म्हणाले. "पाठीकडून कोण बघतं?"

मी बारा शिवला.
पैसे, म्हणाले, जानेवारीत.